गेलेल्या भावाचे आपण काय देणे लागतो?



सकाळी वर्तमानपत्र हाती आले की आपल्यातले पुष्कळ जण आधी निधनवार्ता वाचतात. ‘ऐक्य’ असो वा ‘पुढारी’, मजकूर बहुधा ठरलेला असतो. अमुक अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, ते प्रेमळ, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल स्वभावाचे होते, त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, भाऊ, भावजय, नातवंडे असा परिवार आहे. वरचा फोटो हाताने झाकला तर आत कोण आहे ते ओळखता येणार नाही. चौकातल्या फ्लेक्सवरही हेच शब्द असतात, फक्त अक्षरे मोठी.

घरच्यांना मी नावे ठेवत नाही. दुःखाच्या वेळी शब्द सुचत नाहीत, आणि तयार शब्दांचाही आधार वाटतो. मृताच्या उशाशी बसून आपण रोझरी म्हणतो तेव्हा तेही तयार शब्दच असतात. तरीही ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द वाचला की मी थांबतो. ज्या भावाने सगळे आयुष्य घरासाठी घालवले, त्याची आठवण ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे? आपल्याला तो आठवत असतो, की त्याने आपल्यासाठी केलेले आठवत असते? या दोन गोष्टी एक नव्हेत, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे.

आपल्या भागातलेच एक उदाहरण घेऊ. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील लवकर गेले आणि विठाईंनी मुलांना कऱ्हाडात वाढवले. थोरल्या ज्ञानोबांनी लहान वयातच कोर्टातली नोकरी धरली. मधले गणपतराव. घरात सगळ्यांनीच शिकावे एवढी ऐपत नव्हती, तेव्हा गणपतरावांनी स्वतःच्या शिक्षणापेक्षा धाकट्याचे शिक्षण पुढे जाऊ दिले. विचारांनी ते सत्यशोधक चळवळीकडे झुकलेले होते, तर धाकटा काँग्रेसच्या लढ्यात उतरला आणि १९३२ साली तुरुंगातही गेला. पुढे गणपतरावांना क्षयाने गाठले. १९५६ साली धाकटा भाऊ मुंबई राज्याचा मुख्यमंत्री झाला आणि १९६० साली महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, तेव्हा ते पाहायला गणपतराव नव्हते.

आज गणपतरावांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याचे मोठे कारण ‘कृष्णाकाठ’. यशवंतरावांचे हे आत्मचरित्र १९८४ साली, त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी प्रसिद्ध झाले. भाऊ जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. मुख्यमंत्रिपद, संरक्षण खाते, दिल्ली हे सगळे मागे पडले होते. अशा वेळी माणूस लिहायला बसतो आणि कऱ्हाडच्या छोट्या घरातल्या भावाकडे परत जातो. त्या पुस्तकातले गणपतराव केवळ ‘त्याग करणारा भाऊ’ नाहीत. त्यांना स्वतःची मते आहेत, धाकट्यापेक्षा वेगळी आहेत. मला वाटते, एखादा भाऊ खरोखर आठवला आहे की नाही, याची ही एक खूण आहे. आठवणीतही तो आपल्याशी असहमत होऊ शकतो.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात असे दोन भाऊ मला भेटले आणि त्यांनी मला सोडले नाही. पहिला सातिरस. नावाचे साताऱ्याशी जमते हा निव्वळ योगायोग! मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचा तो थोरला भाऊ. इ.स. ३७४ मध्ये लोकांनी अँब्रोज यांना अचानक बिशप केले, तेव्हा सातिरसने आपली सरकारी अधिकाराची जागा सोडली आणि भावाच्या घरादाराचा, जमीनजुमल्याचा व्यवहार अंगावर घेतला. भावाला प्रार्थनेला आणि लोकांना वेळ मिळावा, हा हेतू. अडकलेली येणी वसूल करायला तो समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत गेला. वाटेत जहाज फुटले, त्यातून वाचला. परत मिलानला आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. ही गोष्ट इ.स. ३७८ च्या सुमाराची. अँब्रोज यांनी त्याच्यासाठी दोन प्रवचने दिली, एक अंत्यविधीच्या वेळी आणि दुसरे आठवडाभराने कबरीपाशी. दुसऱ्यात पुनरुत्थानाची शिकवण आहे, विचार आहेत, दाखले आहेत. पहिल्यात मात्र एक भाऊ रडतो आहे. त्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. दोघे भाऊ दिसायला इतके सारखे होते की लोक अँब्रोजनाच सातिरस समजून बोलू लागत, आणि त्याची त्यांना मौज वाटे. आता ती चूक कोणी करणार नव्हते.

दुसरा भाऊ जेरार्ड. क्लेअरव्हो मठाचे संत बर्नार्ड यांचा हा थोरला भाऊ पूर्वी शिपाईगडी होता. मठात आल्यावर तो कोठार सांभाळू लागला. धान्य, गवंडीकाम, मजूर, हिशेब, येणारे-जाणारे, सगळे त्याच्याकडे. तो ११३८ साली वारला. बर्नार्ड यांनी कोरड्या डोळ्यांनी त्याचे दफन केले आणि नेहमीप्रमाणे मठवासीयांना ‘गीतरत्ना’वर प्रवचन द्यायला उभे राहिले. थोडे बोलले आणि त्यांना पुढे जाता येईना. विषय बाजूला ठेवून ते जेरार्डबद्दल बोलू लागले. ‘गीतरत्ना’वरचे ते सव्विसावे प्रवचन. एवढा मोठा धर्मशिक्षक, पण भाऊ गेल्याचे दुःख गिळता आले नाही. कबरीजवळ रडणाऱ्यांना ‘विश्वास ठेव, रडू नकोस’ असे दटावणारे लोक आपल्यात असतात. त्यांनी ते प्रवचन एकदा वाचावे.

गणपतराव, सातिरस, जेरार्ड. तिघांचा काळ वेगळा, तिघांचे काम एकच. दुसऱ्याला मोकळे करण्यासाठी स्वतः गुंतून राहणे. आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत असा एक भाऊ बहुतेक असतोच. तोच रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जातो, ऊस कारखान्याला घालतो, बहिणींची लग्ने पार पाडतो, आईला मिरजेच्या दवाखान्यात नेतो आणि तिथे बाकावर रात्र काढतो. तो गेला की आपण म्हणतो, ‘घराचा आधारवड गेला.’

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या मनात एक अडचणीचा प्रश्न येतो. आधार दुसरीकडे मिळतो. पाणी धरायला गडी ठेवता येतो, हिशेब पुतण्या पाहू लागतो. वर्षभरात घराची घडी पुन्हा बसते. दुःख जर आधार गेल्याचे असेल, तर घडी बसली की तेही संपायला हवे. कोणाकोणाचे संपतेही. मग आपण प्रेम कोणावर करत होतो, भावावर की त्याच्या कामावर? कृतज्ञता ही मोठी गोष्ट आहे, पण ती ‘माझ्या’पासून सुरू होते. ‘त्याने माझ्यासाठी किती केले’ या वाक्यात दोन माणसे आहेत, आणि त्यांतला महत्त्वाचा माणूस बहुधा मीच असतो.

डेन्मार्कचा ख्रिस्ती विचारवंत किर्केगार्ड याने १८४७ साली प्रेमाच्या कृत्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातले एक प्रकरण मृतांच्या स्मरणावर आहे. त्याचे म्हणणे असे की, आपल्यात प्रेम किती आहे हे तपासायचे असेल तर मेलेल्या माणसाशी आपण कसे वागतो ते पाहावे. जिवंत माणूस परतफेड करतो, निदान करील अशी आशा असते. तो रागावतो, आठवण करून देतो, दार ठोठावतो. मेलेला यांतले काहीच करत नाही. म्हणून त्याच्यावरचे प्रेम सर्वांत निःस्वार्थी, सर्वांत मोकळे, आणि टिकलेच तर सर्वांत एकनिष्ठ. मला हा विचार पटतो. पण एका ठिकाणी मी त्याच्याबरोबर जात नाही. त्याच्या मांडणीत मेलेला माणूस जणू कोणीच उरत नाही. उरते ते फक्त माझे प्रेम आणि त्याची परीक्षा. आपली ख्रिस्तसभा असे मानत नाही. आपला भाऊ आहे. आपण त्याला पाहू शकत नाही, एवढेच.

माझा थोरला भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली म्हणून मी सेमिनरीत जाऊ शकलो. महिन्याच्या मिस्साला गावचे लोक जमले. प्रत्येकाने मला हेच सांगितले की, फादर, तुमच्यासाठी त्याने किती केले. खरेच होते ते. संध्याकाळी सगळे गेल्यावर वहिनी ओट्यावर बसून बोलू लागली. नाताळात बांबूची चांदणी तो एकटाच करायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही, खळ कमी पडली की सगळ्यांवर ओरडायचा. कुस्तीचा फड कुठेही असला की शेतातले काम टाकून जायचा आणि घरी खोटे सांगायचा. माझ्या प्रवचनात त्याला हमखास झोप लागायची, आणि बाहेर आल्यावर ‘आज फादर चांगले बोलले’ असे तोच आधी म्हणायचा. वहिनी हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. दिवसभरात तो घरात आला असेल, तर तेव्हा आला. चांदणी आणि कुस्ती यांचा माझ्यावरच्या उपकाराशी काही संबंध नाही. तो त्याचा होता.

बेथानीच्या दोन बहिणींची मला इथे आठवण होते. भाऊ लाझरस आजारी पडला तेव्हा मार्था आणि मरिया यांनी येशूला निरोप पाठवला. तो निरोप पुन्हा वाचा, योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ११. भाऊ किती चांगला आहे, त्याने तुझे किती आदरातिथ्य केले, घर त्याच्यावरच चालते, यांतले काहीही त्यात नाही. ज्याच्यावर तू प्रेम करतोस तो आजारी आहे, एवढाच त्याचा आशय. त्या संपूर्ण शुभवर्तमानात लाझरसच्या तोंडचा एक शब्दही नाही. तो काय करत होता, कसा होता, आपल्याला सांगितलेले नाही. तो प्रिय होता, एवढे पुरे झाले. आणि आपण याला आता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशूचे डोळे भरून आले.

आता एका तक्रारीबद्दल. दफनविधीच्या मिस्सामध्ये फादर आमच्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलत नाहीत, असे काही घरांना वाटते. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये, परिच्छेद ३८२ मध्ये, असे स्पष्ट आहे की अंत्यविधीच्या मिस्सामध्ये छोटे प्रवचन असावे, पण ते मृताचे स्तुतिपर भाषण नसावे. कुटुंबातल्या कोणाला बोलायचे असेल तर ख्रिस्तप्रसादानंतरच्या प्रार्थनेनंतर, अखेरच्या निरोपाआधी थोडक्यात बोलता येते. त्यासाठी आधी मला येऊन भेटावे. पण अँब्रोज आणि बर्नार्ड यांनी तर भावांची स्तुती केली, असे कोणी म्हणेल. केली, आणि त्याबरोबर त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. माझ्या मते या नियमामागे एक शहाणपण आहे. स्तुतीला खोट्याची गरज पडते. माणूस कितीही चांगला असो, वीस मिनिटे नुसती स्तुती करायची तर काहीतरी झाकावे लागते, काहीतरी वाढवावे लागते. प्रार्थनेला तशी गरज नसते. ‘प्रभो, याला क्षमा कर’ असे म्हणताना याला क्षमेची गरज होती हे आपण मान्यच केलेले असते. म्हणून जो प्रार्थना करतो त्याला खरे आठवण्याची मुभा असते.

संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाबा’चा नववा भाग पाहा. आई मोनिका ३८७ साली ओस्तिया बंदरात वारली. देह कुठे पुरायचा याची तिने काळजी केली नाही. वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच मागितले. पुढे ऑगस्टीन वाचकांना विनंती करतात की मोनिका आणि पॅट्रिशियस या दोघांसाठी प्रार्थना करा. पॅट्रिशियस म्हणजे त्यांचे वडील. ते तापट होते, पत्नीशी एकनिष्ठ नव्हते, हे ऑगस्टीन यांनी त्याच पुस्तकात काही पानांआधी लिहून ठेवले आहे. ज्या लेखणीने दोष लिहिला तिनेच नाव प्रार्थनेसाठी पुढे केले. आपला भाऊ पीत असेल, उधार ठेवत असेल, आईशी कधी तुटक बोलला असेल. ते विसरल्याशिवाय त्याच्यावर प्रेम करता येणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

आणि भावाशी बोलणेच बंद होते, तर? हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवले, कारण या विषयावर माझ्याकडे येणारे लोक सगळ्यांत जड पावलांनी येतात. ‘भाऊबंद’ हा किती चांगला शब्द, आणि त्यापासून आपण मराठी माणसांनी ‘भाऊबंदकी’ तयार केली. एका बांधासाठी, विहिरीतल्या पाळीसाठी, वाटणीत आलेल्या एका खोलीसाठी भाऊ वीस वीस वर्षे एकमेकांकडे पाहत नाहीत. एक जण जातो. दुसरा कबरीवर माती टाकायला येतो आणि मूठ उघडत नाही. वेदीवर दान आणण्याआधी भावाशी समेट कर, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. पण भाऊच राहिला नाही तर समेट कोणाशी?

ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांच्यासाठी हा प्रश्न बंद होतो, त्यांना तो पश्चात्तापासहच जगावा लागतो. आपल्यासाठी तो बंद होत नाही. संतांचा ऐक्यसंबंध आपण दर रविवारी श्रद्धाप्रकटनात कबूल करतो, त्याचा अर्थ हाच की मृत्यूने बोलणे तुटत नाही. त्याची क्षमा मागता येते आणि त्याला क्षमा करताही येते. त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करणे हेच त्याच्याशी पुन्हा बोलू लागणे आहे. पण एवढ्यावर मी कोणाला घरी पाठवत नाही. भाऊ गेला, तरी त्याची बायको आणि मुले इथेच आहेत.

कायद्याचे थोडे सांगतो, कारण आपल्या लोकांत याबद्दल गैरसमज फार आहेत. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. पत्नी आणि मुले मागे असतील तर त्याच्या मालमत्तेचा एकतृतीयांश वाटा पत्नीचा, उरलेला दोनतृतीयांश मुलांचा, आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. अशा वेळी भावाला काहीही मिळत नाही. तरी काय दिसते? भावाच्या पहिल्या स्मरणदिनाला मोठा फ्लेक्स लागतो, दोनशे माणसांचे जेवण होते, मिस्साची वर्दी महिनाभर आधी येते, आणि सातबाऱ्यावर विधवा वहिनीच्या नावाची वारसनोंद मात्र झालेली नसते. ‘घरातलेच आहे, घाई काय?’ ती बिचारी कोणाला विचारणार? फ्लेक्सवर ‘कुटुंबवत्सल’ लिहिलेले असते, आणि ज्या कुटुंबावर त्याचा जीव होता तेच बाजूला उभे असते.

सातिरसने मृत्युपत्र केले नव्हते. त्याला बायकोमुले नव्हती. मागे राहिले अँब्रोज आणि बहीण मार्सेलिना. गरिबांना योग्य वाटेल ते द्या, एवढेच तो सांगून गेला होता. आकडा सांगितला नव्हता. त्या दोघांनी ठरवले की जे आहे ते सगळेच गरिबांचे. भावाच्या मनात काय होते हे त्यांना माहीत होते, ते कागदावर नसले तरी.

२ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, नेहमीप्रमाणे दफनभूमीत मिस्सा होईल. मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायची पेटी येत्या रविवारपासून मोठ्या दरवाज्याजवळ ठेवली जाईल. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहा, आणि घरात ज्या नावाने हाक मारत होता तेही लिहा, अण्णा, बाळू, पिंट्या, जे असेल ते. कोणाशी अबोला राहून गेला असेल तर त्याची चिठ्ठी वेगळी टाका, वर काही लिहायची गरज नाही. मी सगळी नावे वाचणार आहे. वेळ लागेल, लहान मुलांना पाणी घेऊन या.